स्वस्त घर, थंड घर

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण खर्चाच्या धास्तीतूनच आली. पण खर्च करूनही घर सुखाचे होतेच असे नाही. आज खेड्यापाड्यांत मातीच्या भिंती पाडून स्लॅबची किंवा पत्र्याची घरे उभी राहतात. त्यांना आपण 'पक्की' म्हणतो. मात्र मे महिन्याच्या दुपारी त्याच पक्क्या घरात बसवत नाही आणि म्हातारी माणसे निंबाखाली बाज टाकतात. असे का व्हावे?

कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जाते. म्हणजे आपले सारे राज्य उष्ण कटिबंधात मोडते. येथे उन्हाळ्यात माध्यान्हीचा सूर्य छपरावर तळपतो, तर सकाळ-संध्याकाळी तो कललेला असल्याने पूर्व-पश्चिमेच्या भिंती तापवतो. म्हणून घराच्या लांब भिंती उत्तर व दक्षिणेला घ्याव्यात, पूर्व-पश्चिमेच्या आखूड ठेवाव्यात. समोरासमोर खिडक्या असल्या की वारा आरपार वाहतो. दिशा ठरवायला पैसा लागत नाही. पाया आखण्यापूर्वीचा विचार तेवढा लागतो.

या विचाराला ज्यांनी आयुष्य वाहिले ते लॉरी बेकर (१९१७-२००७) जन्माने इंग्रज, पण कर्मभूमी भारत. मुंबईत बोटीची वाट पाहत असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली. घराचे सामान पाच मैलांच्या परिसरात मिळावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी पुढे केरळात प्रत्यक्षात आणला. तिरुवनंतपुरम येथील 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज'च्या इमारती त्याची साक्ष देतात.

त्यांच्या दोन युक्त्या समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली भिंतीची. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या आणि दोन रांगांमध्ये पोकळी सोडायची. यात सुमारे २५ टक्के विटा वाचतात, आणि पोकळीतली हवा उष्णता आत येऊ देत नाही. दुसरी युक्ती छपराची. स्लॅबच्या खालच्या भागातील ताण लोखंडी सळया घेतात. तेथले काँक्रीट सळयांना धरून ठेवण्यापुरतेच असते. मग सळयांच्या मधल्या चौकोनांत मंगलोरी कौले बसवली तर सिमेंट वाचते, छत हलके होते आणि खोलीही कमी तापते.

कोणी म्हणेल, जुनी मातीची घरेच बरी होती. तसेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार माणसांच्या अंगावर कोसळला, हे मराठवाडा विसरलेला नाही. तेव्हा जुन्याचा गारवा घ्यावा, पण बळकटी नव्याची घ्यावी. वर सांगितलेल्या पोकळ भिंतीच्या कोपऱ्यांत उभ्या सळया घालून सिमेंट भरता येते, हा तिचा आणखी एक गुण.

२०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरले. एवढ्या रकमेत घर बसवताना गरीब माणसाला उधार-उसनवार करावी लागते. त्याच्या दृष्टीने वाचलेली प्रत्येक वीट म्हणजे कमी झालेले कर्जच होय.

अडचण ज्ञानाची नाही, समजुतीची आहे. गवंड्याला नवी बांधणी शिकवणारा हवा आणि 'स्वस्त म्हणजे हलके' ही घरमालकाची समजूत दूर व्हायला हवी. सुट्टीत गावी गेल्यावर घराचा पाया आखला जात असेल, तर निदान ऊन कोणत्या बाजूने येते एवढे तरी आपण विचारू या. शिकलेल्या मुलांकडून गावाने एवढी अपेक्षा ठेवली तर ती वावगी नव्हे.