ठासणीची राखण

ऑक्टोबर लागला की महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांत भाताची खाचरे पिवळी पडतात आणि बांधांवर जुन्या साड्यांची कुंपणे उभी राहतात. ती रानडुकरांसाठी. वरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी उभी असेल, तर तिथे रात्रभर राखण. डबे वाजवायचे, आरोळ्या द्यायच्या, शेकोटी पेटती ठेवायची. एवढे करूनही कळप आत शिरतोच. डुक्कर खाते त्याहून जास्त लोळून आणि नांगरल्यासारखे उकरून नासवते. चार महिने पावसात राबलेल्या घरचे वर्षाचे भात एका रात्रीत चिखलात जाते.

अशा गावांत काही मोजक्या घरी भिंतीवर एक लांब नळीची बंदूक आढळते: ठासणीची, म्हणजे प्रत्येक बार हाताने भरायची. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबांनी घेतलेली, मग वडिलांच्या नावावर झालेली.

डुकरांच्या आणि इतर शिकारीसाठी असा हाताने दारूगोळा भरण्याची आवड अमेरिकेतही जुनी आहे. तिथला शिकारी रिव्हॉल्व्हरचे रिकामे काडतूस जपून ठेवतो, त्यात नवी टोपी बसवतो, दारू तोलतो, शिशाची गोळी निवडतो आणि आपल्या हत्याराला मानवेल असा बार जुळवत बसतो. एल्मर कीथ या शिकारी-लेखकाने .44 स्पेशल काडतुसावर वर्षानुवर्षे असे प्रयोग केले आणि त्यांतूनच पुढे 1955 मध्ये .44 मॅग्नम बाजारात आले. तिथली डुकरे मूळची त्या भूमीची नाहीत. 1539 मध्ये हर्नांडो दे सोतो या स्पॅनिश सेनानीने फ्लोरिडात आणलेल्या पाळीव डुकरांपासून त्यांच्या रानटी झालेल्या कळपांचा इतिहास सुरू होतो.

आपल्याकडचे रानडुक्कर इथलेच, सह्याद्रीचे. आणि आपल्याकडे घरी काडतूस भरणे म्हणजे कायद्याच्या लेखी दारूगोळ्याचे उत्पादन. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो. साध्या परवानाधारकाने कारखान्यात बनलेले काडतूसच वापरायचे. असे कारखाने महाराष्ट्रातच आहेत: 1869 पासूनचा खडकीचा आणि भुसावळजवळचा वरणगावचा. ठासणीच्या बंदुकीला मात्र काडतूसच नसते. तिचा प्रत्येक बार बंदूकवाला स्वतः भरतो. हाताने भरलेल्या दारूगोळ्याची कला या डोंगराळ तालुक्यांत टिकली ती या एका हत्यारामुळे.

तिची रचना समजायला सोपी आहे. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू जाते, तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग शिसे, आणि ते घरंगळून बाहेर पडू नये म्हणून पुन्हा बोळा. प्रत्येक थर गजाने ठासायचा. नाव त्यावरूनच पडले. नळीच्या बुडाशी कानावर तांब्याची इवलीशी टोपी बसते. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो आणि ठिणगी आत शिरते. आपटताच पेटणाऱ्या रसायनाचा हा उपयोग अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने शोधला आणि 1807 मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याआधी गारगोटीच्या ठिणगीवर बार उडे आणि भिजल्या हवेत तो दगा देई.

भिजकी हवा हा महाड-पोलादपुरात रोजचा प्रश्न. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या मुलखात काळी दारू कोरडी ठेवणे हेच मोठे काम. बार उडाल्यावर नळीत उरणारी काजळी हवेतले पाणी ओढते आणि लोखंड खाते, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, सुकवून तेल लावावे लागते. ठासण्यातही हयगय चालत नाही. दारू आणि शिसे यांच्यात पोकळी राहिली, तर नळी फुटून भरणाऱ्याचाच हात जाऊ शकतो. हे ज्ञान घरातल्या जाणत्याकडून पुढच्याला मिळत आले. आता मुलगा मुंबईला, नातू पुण्याला असल्यावर ते कोणाला द्यायचे, हा प्रश्न बंदुकीच्या गंजापेक्षा मोठा आहे.

गुळगुळीत नळीतून सुटलेल्या शिशाचा भरवसा जवळच्या पल्ल्यापुरताच. पहिला बार चुकला तर दुसरा भरेपर्यंत जनावर दोन शेते ओलांडून जाते. वयात आलेला नर शंभर किलोच्या घरात भरतो, त्याच्या खांद्यावरची कातडी ढालीसारखी जाड असते आणि जखमी झाला तर तो उलटून अंगावर येतो. म्हणूनच जाणता राखणदार बंदुकीचा उपयोग बहुतेक वेळा कळप हुसकण्यापुरता करतो. ही मर्यादा कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होती. शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे म्हटले आहे, आणि तेवढ्याने भागत नसल्याची परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येईल, अशी पुस्ती तिथेच जोडली आहे.

पण बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने रानडुकराला संरक्षण दिले आणि 1991 च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवाने कायमचे संपवले. उभ्या पिकाची नासाडी करणारे जनावर मारायचे, तर वनखात्याची लेखी परवानगी हवी. ती घेऊन मारलेले डुक्करही सरकारच्याच मालकीचे. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आले. जंगल राखायचे, तर हे नियम हवेत, यात शंका नाही. मात्र रात्री दोन वाजता शेतात कळप शिरलेल्या माणसाला परवानगीचा कागद सकाळनंतरच मिळू शकतो.

त्यात निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. गेल्या तीन विधानसभा निवडणुकांचे मतदान 15 ऑक्टोबर 2014, 21 ऑक्टोबर 2019 आणि 20 नोव्हेंबर 2024 या दिवशी झाले. आचारसंहिता त्याआधी महिनाभर तरी लागते. म्हणजे भात पोटरीतून बाहेर पडून कापणीला येईपर्यंतच्या नेमक्या दिवसांत राखणदाराच्या हातात काठी आणि डबा.

डुकरे मात्र वाढत आहेत, आणि त्याचे कारण शेताच्या बांधावर उभे राहून दिसते. गिरण्यांच्या काळापासून इथला तरुण मुंबईला जात आला. पुढे महाडच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळाले, पण डोंगरातली नाचणीची शेती सुटली ती सुटलीच. पडीक वरकसावर करवंदी-घाणेरीची जाळी माजली आणि कळपांना अगदी भाताला लागून आडोसा मिळाला. दहापैकी सात शेते ओस पडली, तर उरलेल्या तीन शेतकऱ्यांवर सगळ्या कळपांचा भार येतो आणि मग तेही शेती सोडतात.

कायदेशीर वाट लांबली की लोक आडवाटेला लागतात. गावठी बॉम्ब, विजेच्या उघड्या तारा, तारेचे फास. फासात बिबटे अडकतात आणि तारेला चिकटून माणसे मरतात. अंधारात हललेल्या झुडपावर बार काढल्याने सोबतीच दगावल्याच्या बातम्या कोकणातून येत राहतात. नोंदलेली, परवान्यावरची, एका वेळी एकच बार उडणारी बंदूक या सगळ्यांपेक्षा किती तरी कमी धोक्याची आहे.

निवडणुकीत कोणाची शस्त्रे जमा करायची, हे ठरवायला जिल्हाधिकारी आणि जिल्हा पोलीस प्रमुखांची छाननी समिती असते. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही आणि ज्याचे भात कापणीला आले आहे, अशा ठासणीवाल्याचा वेगळा विचार तिला करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. गावची पीकपाहणी आणि ठाण्यातली परवान्यांची नोंदवही शेजारी ठेवून सप्टेंबरातच यादी केली, तरी पुरे.