निवड देवाची, हाक सर्वांना

कोणाचं तारण व्हायचं हे देवानं जगाच्या उत्पत्तीआधीच ठरवलं असेल, तर पाळकानं प्रवचन तरी कशासाठी करायचं? या प्रश्नानं अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बॅप्टिस्ट मंडळ्या ढवळून काढल्या, आणि त्याच्या उत्तराचा धागा थेट मराठीपर्यंत येतो!

जॉन कॅल्विन (1509–1564) यांची शिकवण अशी : देवाच्या कृपेवाचून पापी माणूस विश्वास ठेवूच शकत नाही, आणि ती कृपा कोणावर करायची हे देवच ठरवतो. 1618–19 मध्ये डॉर्टच्या धर्मसभेनं ही शिकवण पक्की केली. मात्र त्याच सभेनं हेही नोंदवलं, की पश्चात्तापाची आणि विश्वासाची हाक कसलाही भेद न करता सर्वांना द्यायची. निवड कोणाची झाली, हे प्रचारकानं शोधत बसायचं नाही.

काही इंग्रज पाळकांनी हाच तर्क आणखी ताणला. जे माणसाच्या हातातच नाही, ते त्याचं कर्तव्य कसं? मग तारणाचं आमंत्रण तरी सरसकट का द्यायचं? 1707 मध्ये जोसेफ हसी यांनी असं आमंत्रण देऊच नये, असं पुस्तक लिहून मांडलं. हाच अति-कॅल्विनवाद. बॅप्टिस्ट पाळक अँड्र्यू फुलर ज्या सोहम गावच्या मंडळीत वाढले, तिथले पाळक विश्वास न ठेवणाऱ्यांना उद्देशून जवळजवळ काही बोलतच नसत.

फुलर यांनी 1785 च्या पुस्तकात हा तिढा सोडवला. माणसाला समज आहे, वाचा आहे. नाही ती इच्छा. आणि इच्छा नाही म्हणून कोणी कर्तव्यातून सुटत नाही. शिवाय फळ ठरवणाऱ्या देवानं साधनही ठरवलंय : प्रवचन.

त्यांचे स्नेही विल्यम केरी हे चांभारकाम केलेले पाळक. ऑक्टोबर 1792 मध्ये इंग्लंडमधल्या केटरिंगच्या एका घरात जमलेल्या मोजक्या मंडळींनी परदेशातल्या धर्मप्रसारासाठी 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स देण्याचं कबूल केलं, आणि पुढच्याच वर्षी केरी बंगालमध्ये उतरले. पुढे पंडित वैद्यनाथांच्या मदतीनं त्यांनी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण आणि 1810 मध्ये मोडी लिपीत छापलेला मराठी कोश सिद्ध केला.

फुलर आणि केरी यांनी देवाची निवड कधीच नाकारली नाही. बंगालमध्ये पहिला बाप्तिस्मा देईपर्यंत केरींची सात वर्षं गेली. फळ आपल्या वक्तृत्वावर अवलंबून नाही, ही खात्री असलेला माणूस इतकी वाट पाहू शकतो. ज्या सिद्धांतानं काहींची तोंडं बंद केली, त्याच सिद्धांतात एवढा धीर देण्याचंही बळ होतं.