ताळा जुळला, पण पैसे कोणाला मिळाले?

अतिवृष्टीने पीक गेलेल्या शेतकऱ्याला सरकार जी मदत देते, ती राज्याच्या हिशेबात 2245 या मुख्य लेखाशीर्षाखाली पडते. तरतूद किती, खर्च किती, शिल्लक किती, हे विनियोजन लेख्यांत येते. महालेखापालांची तपासणी होते, अहवाल विधिमंडळापुढे जातात. तरीही जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत याच मदतीच्या वाटपातला घोटाळा 2025 मध्ये उघडकीस आला. जमीन नसलेल्यांच्या नावे अनुदान उचलले गेले, कुठे क्षेत्र फुगवले, कुठे एकाच नावावर दोनदा रक्कम पडली, असे चौकशीत पुढे आले. तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. हिशेबाच्या दृष्टीने मात्र तो सगळा पैसा रीतसर खर्ची पडला होता. तो भलत्याच्या खात्यात गेला, हे 2245 पुढचा आकडा कितीही वेळा वाचला तरी कळले नसते.

सरकारी अहवाल किचकट असतात, ही तक्रार नेहमीची आहे आणि खरीही आहे. पण किचकट भाषेपेक्षा मोठा दोष वेगळा आहे. हे अहवाल ज्याच्यासाठी लिहिले जातात, त्याला शेत माहीत नसते आणि ज्याला शेत माहीत असते, त्याच्यापर्यंत अहवाल पोहोचत नाही. लेखापरीक्षक मंजुरी पाहतो, प्रमाणक पाहतो, बेरीज पाहतो. ते आवश्यकच आहे. मात्र अमुक गटात कपाशी होती, मोसंबी होती की नुसते पडीक रान, हे बांधाला बांध लागून असलेला शेजारीच सांगू शकतो. गावाची यादी गट नंबर, क्षेत्र आणि रकमेसह चावडीवर लागली असती, तर बोगस नावे पहिल्या दिवशीच कोणाच्या तरी नजरेत भरली असती. उपयोगी अहवाल म्हणजे माझ्या मते हाच.

सामान्य माणसाला हिशेब कळत नाही, असे यावर म्हटले जाते. मग सातबारा कसा कळतो? पोटखराबा, बोजा, फेरफार, इतर हक्क असे शब्द त्यात भरलेले असतात आणि शाळा अर्ध्यात सोडलेला शेतकरीही त्यातली चूक बरोबर पकडतो, कारण त्या कागदावर त्याचे स्वतःचे काही अवलंबून असते. ग्रामपंचायतीचे जमाखर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातल्या निधीपैकी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती. पण 'बंधित' या एका शब्दाऐवजी कोणत्या वस्तीत किती पाइप टाकला, त्याला किती पैसे लागले, एवढे लिहिले तर ते वाचायला कोणाला शिकवावे लागणार नाही. सोपे केले की अचूकता जाते, ही भीतीही निराधार आहे. विहित नमुने आहेत तसेच राहोत, त्यांच्या जोडीला गावापुरते एक पान द्यावे. राहिला खासगीपणाचा प्रश्न. तो खरा आहे; आधार आणि बँक खात्याचे क्रमांक झाकलेच पाहिजेत. पण सरकारी अनुदान कोणाला किती मिळाले, हे झाकण्याचे कारण नाही.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 मध्ये अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागता जाहीर करण्याचे बंधन आहे, आणि ही माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा असेही त्यात म्हटले आहे. या कायद्यामागच्या चळवळीत, राजस्थानात 1994 पासून, जनसुनवाईत गावकऱ्यांसमोर बिले आणि हजेरीपट मोठ्याने वाचले गेले. न केलेल्या कामाची मजुरी आपल्या नावावर लागल्याचे लोकांनी तिथेच ऐकले. अंबड, घनसावंगीच नव्हे, जालन्याच्या आठही तालुक्यांतल्या गावकऱ्यांनी पुढच्या ग्रामसभेत एवढेच मागावे: आपल्या गावची अनुदानाची यादी, गट नंबरासकट, सभेत वाचून दाखवा आणि तसे इतिवृत्तात नोंदवा.