चालत्या बिऱ्हाडाची शिडी

अमेरिकेत ज्या मोटरहोममधून, म्हणजे चूल, शेज आणि न्हाणीघर यांसह चालणाऱ्या बिऱ्हाडातून, निवृत्त दांपत्ये महिनोन्‌महिने मुलूखगिरी करतात, त्यांतील मोठ्या गाड्यांचे छप्पर जमिनीपासून बारा-तेरा फुटांवर असते. आणि सांध्यांतील लुकण तडकून पाणी आत झिरपू नये, यास्तव मालकास वेळोवेळी वर चढणे प्राप्तच असते. काही गाड्यांच्या पाठीस शिडी जडवलेली असते. नसेल तेथे सुटी शिडी बाळगावी लागते.

नळीत नळी शिरणारी दुर्बिणीसारखी शिडी मिटली की सामानाच्या कप्प्यात सुखाने मावते, हा तिचा मोठाच गुण. परंतु मिटवताना वरचा भाग धाडकन खाली येऊन दोन पायऱ्यांमध्ये बोटे चेंगरण्याचे भय असते, म्हणून हात नेहमी बाजूच्या नळ्यांवर असावा. लांबीचा हिशेब असा: छप्पर १२ फुटांवर असेल, तर शिडीचा पाया भिंतीपासून ३ फूट दूर आणि माथा छपराच्या ३ फूट वर हवा, अर्थात शिडी सुमारे १६ फुटांची घ्यावी. अमेरिकी वर्गवारीतील १-ए या प्रतीची शिडी ३०० पौंड भार पेलते, मात्र त्यात माणसासह त्याच्या हत्यारांचेही वजन धरलेले असते, याचा स्थूलदेही मंडळींना सोयिस्कर विसर पडतो! ॲल्युमिनियम हलके खरे, पण विजेच्या तारांजवळ फायबरग्लासच इष्ट, मग ते कितीही जड असो. माथ्याच्या टोकांना रबरी टोप्या नसतील, तर जुन्या पंच्याची घडी बांधावी. रंगावर ओरखडे उठत नाहीत.