माळाची मुरमाड जमीन : नांगर घालण्यापूर्वी खोली मोजा

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात माळ नाही असे गाव विरळाच. सोलापूर, अहिल्यानगर, सांगलीचा पूर्व भाग, साताऱ्यातील माण-खटाव या भागात वर्षाकाठी साधारणपणे ५०० ते ७५० मि.मी. पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. कुटुंब वाढते, वाटण्या होतात आणि मग मालकीच्या माळावर नजर जाते. "सर, माळ पडूनच आहे. यंदा नांगरून बाजरी करावी म्हणतो," असे शेतकरी बंधू आम्हांला नेहमी विचारतात. या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही, कारण ते त्या जमिनीतच दडलेले असते. म्हणून माळाच्या जमिनीचे गुणधर्म प्रथम समजून घेणे आवश्यक आहे.

जमीन कशी तयार झाली?

आपल्या पठाराखाली लाव्हारसापासून तयार झालेला काळा पाषाण आहे. ऊन, पाऊस व हवा यांमुळे तो झिजून त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची पुढे माती होते. उतारावर तयार झालेली माती पावसाबरोबर खाली वाहते. हजारो वर्षे वाहत आलेल्या या मातीतूनच नदीकाठची खोल काळी जमीन तयार झाली. माळावर मात्र मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम आणि त्याखाली खडक अशी रचना राहिली. काळ्या जमिनीत दिसणारा मधला भारी थर येथे आढळत नाही. शेतकरी या जमिनीला हलकी, बरड किंवा मुरमाड म्हणतात.

प्रमुख गुणधर्म

१) रंग करडा ते तांबूस तपकिरी असतो. पोत रेताड पोयट्यापासून चिकण पोयट्यापर्यंत आढळतो. मातीत खडे व मुरमाचे प्रमाण बरेच असते.

२) पाण्याचा निचरा चांगला होतो, मात्र पाणी धरून ठेवण्याची क्षमता कमी असते.

३) सामू बहुधा उदासीन ते किंचित विम्लधर्मी असतो. काही ठिकाणी चुनखडीचे प्रमाण जास्त आढळते.

४) सेंद्रिय कर्ब, नत्र व उपलब्ध स्फुरद कमी असते. पालाश सहसा पुरेसा असतो.

५) गवताचे आच्छादन गेल्यास थेंबांच्या माऱ्याने पृष्ठभागावर पापडी धरते. मग पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते.

खोली म्हणजेच पाण्याची टाकी

वरील सर्व गुणधर्मांत सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म म्हणजे मातीची खोली. जमीन ही पाण्याची टाकी आहे असे समजा. ठोकळमानाने २० सें.मी. खोलीच्या जमिनीत पिकाला घेता येईल असा ओलावा ३० ते ३५ मि.मी. साठतो. ९० सें.मी.पेक्षा जास्त खोल काळ्या जमिनीत तो १६० मि.मी.च्या आसपास असतो. भर वाढीतल्या पिकाला दररोज ४ ते ५ मि.मी. पाणी लागते. म्हणजे पावसाने उघडीप दिली की काळ्या जमिनीतले पीक महिनाभर तग धरू शकते, तर माळावरच्या पिकाची शिदोरी सात-आठ दिवसांत संपते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दोन ते तीन आठवड्यांचा खंड ही नेहमीचीच गोष्ट आहे.

बाजरी पोटरीत असताना असा खंड पडला तर कणीस भरत नाही आणि नंतर पडलेल्या पावसाने ते नुकसान भरून येत नाही. बहुवर्षायु गवताचे तसे नसते. ओलावा संपताच ते वाळते, पण त्याचे ठोंब जिवंत राहतात आणि पुढची सर येताच पुन्हा हिरवे होतात. माळावर गवत उगवते ते जमीन निकामी आहे म्हणून नव्हे. अशा लहान टाकीवर निभावून नेणारे पीक तेच आहे, म्हणून ते तेथे टिकले आहे.

नांगरल्यावर काय होते?

गवताची तंतुमुळे वरच्या थरातील माती घट्ट धरून ठेवतात. एकदा नांगर घातला की ही वीण उसवते. पहिले एक-दोन हंगाम पीक बरे येते, कारण गवताच्या मुळांनी साठवलेला सेंद्रिय अंश कुजून पिकाला मिळतो. त्यामुळे निर्णय बरोबर होता असे वाटते. पुढे मात्र प्रत्येक वळवाच्या पावसाबरोबर माती जाऊ लागते. एका हेक्टरवरून केवळ १ मि.मी. जाडीचा थर गेला तरी ती माती १३ ते १४ टन भरते. खोल जमिनीत एवढी धूप डोळ्यांना जाणवतही नाही. पण जेथे मुळात १५ सें.मी. माती आहे, तेथे वर्षाला २ मि.मी. गेली तर पंचवीस वर्षांत ५ सें.मी. माती संपते. मुलाच्या हाती आणखी उथळ जमीन येते. एक सें.मी. माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. गेलेले पीक पुढच्या वर्षी घेता येते, गेलेली माती मात्र परत येत नाही.

सांगोला, आटपाडी भागात अशाच हलक्या जमिनीवर डाळिंबाच्या उत्तम बागा आहेत, हे खरे आहे. मुरमातील भेगांत मुळे शिरतात व निचरा चांगला होतो. पण या बागांना ठिबकने पाणी मिळते हे विसरू नये. हमखास पाणी नसताना केवळ शेजाऱ्याची बाग पाहून यंत्राने माळ सपाट करणे धोक्याचे आहे.

खोली कशी मोजावी?

प्रत्येक एकरात चार-पाच ठिकाणी, उताराच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागात टिकावाने खड्डे घ्यावेत. मातीच्या पृष्ठभागापासून मुरूम लागेपर्यंतची खोली पट्टीने मोजावी. बांधालगत माती साचलेली असते, म्हणून तेथे खड्डा घेऊ नये. सरासरी काढण्यापेक्षा प्रत्येक भागाचा वेगळा विचार करावा.

● ७.५ सें.मी.पर्यंत (अति उथळ) : नांगरट करू नये. गवत व वनशेती.

● ७.५ ते २२.५ सें.मी. (उथळ) : गवत उत्तम. पीक घ्यायचेच असल्यास कमी उताराच्या भागात मटकी, हुलगा. खड्डे घेऊन बोर, सीताफळ.

● २२.५ ते ४५ सें.मी. (मध्यम) : आडवी मशागत करून बाजरी, तूर, सूर्यफूल.

गवत पाहून जमीन ओळखा

उतारावर पवन्या व डोंगरी, सखल भागात व ओघळीच्या कडेला मारवेल भरपूर असेल तर माळाची स्थिती चांगली समजावी. सगळीकडे कुसळीच दिसू लागली तर चराई जास्त होत आहे. तरवड वाढून मधली जमीन उघडी पडली असेल तर माती जाऊ लागली आहे असे समजावे.

माळ सुधारण्यासाठी

१) पहिल्या पावसाळ्यात गवताचे बी पडेपर्यंत चराई पूर्ण बंद ठेवावी. नंतर माळाचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीने जनावरे सोडावीत.

२) उताराला आडवे समपातळी चर खोदावेत. ओघळींना वरच्या बाजूपासून दगडी बांध घालावेत.

३) माळावरचे सर्व दगड वेचू नयेत. बारीक खडे थेंबांचा मारा सोसतात व माती वाचवतात.

४) विरळ जागी मारवेल, पवन्या यांचे बी ओलसर माती व शेणखतात मिसळून पावसाच्या सुरुवातीला टाकावे. बी खोल जाऊ देऊ नये. जोडीला स्टायलो हे द्विदल चारापीक घ्यावे, त्यामुळे नत्र स्थिर होते व चारा सकस होतो. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असल्याने पेरणीपूर्वी गरम पाण्याची प्रक्रिया करावी.

५) गवत फुलोऱ्यात असताना, जमिनीपासून ८ ते १० सें.मी. वर कापावे. कुसळी तर बी धरण्यापूर्वीच कापावी, अन्यथा तिची कुसळे मेंढ्यांच्या कातडीत व तोंडात रुततात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, माळ हा पडीक नाही, तो आपल्या जनावरांचा शेताइतकाच हक्काचा तुकडा आहे. यंदा नांगर जोडण्यापूर्वी अर्धा दिवस काढा, टिकाव आणि पट्टी घेऊन माळावर जा आणि माती किती आहे ते आधी मोजा. नांगर घालायचा की नाही, ते त्या आकड्यावरून ठरवा.