थापेचं ओझं

आमच्या नाचियार्कोविलच्या देवळातला गरुड दगडाचा आहे. मार्गळी आणि पंगुनी अशा दोन तमिळ महिन्यांतल्या उत्सवांना तो बाहेर निघतो. आत उचलायला चार माणसं पुरतात. पुढे सरकेल तसा तो जड होतो, मग आठ लागतात, सोळा, बत्तीस, शेवटी चौसष्ट. परतताना तसाच हलका होत जातो, असं इथे सगळे सांगतात.

बँकेच्या बदलीने मी सांगलीहून कुंभकोणमला आले आणि जवळच्या या गावात, समया ओतणाऱ्या कारागिरांच्या शेजारी, खोली घेतली. घरमालकीण पाट्टींनी, म्हणजे आजींनी, मला तमिळ शिकवलं ते दिग्दर्शक के. बालचंदर यांचे जुने विनोदी सिनेमे दाखवून. ते बघताना मला तो गरुडच आठवत राहिला.

बालचंदर याच मुलखातले. नन्निलमजवळच्या नल्लमांगुडी गावात 9 जुलै 1930 रोजी त्यांचा जन्म झाला. सिनेमा-नाटकाचं वेड लहानपणापासूनचं. 1949 मध्ये अण्णामलै विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदवी घेतली, मुत्तुपेट्टैला शाळेत शिकवलं आणि 1950 मध्ये ते मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. दिवसा सरकारी हिशेब, संध्याकाळी हौशी नाटकं. पुढे त्यांनी ‘रागिणी रिक्रिएशन्स’ ही स्वतःची नाटकमंडळी उभी केली. ‘मेजर चंद्रकांत’ हे त्यांचं गाजलेलं नाटक त्यांनी आधी इंग्रजीत लिहिलं होतं, कारण कचेरीतल्या सगळ्यांना तमिळ येत नव्हतं.

1964 मध्ये त्यांनी नट एम. जी. रामचंद्रन यांच्या ‘दैवत्ताय’ सिनेमाचे संवाद लिहिले. त्याच वर्षी त्यांच्या ‘सर्वर सुंदरम’ नाटकावर सिनेमा निघाला. हॉटेलात वाढपी असलेला सुंदरम सिनेमातला विनोदी नट होतो, ही त्याची गोष्ट. नागेश यांनी तो साकारला. नागेशही कधीकाळी रेल्वेत नोकरी करणारे. 1965 च्या ‘नीर्कुमिळी’पासून बालचंदर स्वतः दिग्दर्शन करू लागले, तेव्हाही नायक नागेशच होते.

मला त्यांचा सर्वांत जवळचा वाटतो तो 1967 चा ‘बामा विजयम’. तीन भाऊ, तीन जावा आणि सासरे एका घरात राहतात. शेजारी सिनेनटी राहायला येते. तिच्यासमोर आपण श्रीमंत दिसावं म्हणून घरात उसनवारीचं सामान येऊ लागतं. एक वस्तू आली की तिला शोभेशी दुसरी लागते, आणि पगार तर तेवढाच. मी रोज कर्जाचे अर्ज तपासते, म्हणून सांगते, या सिनेमातला हिशेब पक्का आहे. सरकारी हिशेबात तरुणपण गेलेल्या माणसाला महिनाअखेर कशी असते हे कुणी सांगायला नको होतं. हिंदीत त्यावर ‘तीन बहुरानियाँ’ निघाला. पुढच्याच वर्षीचा ‘एदिर नीच्चल’ म्हणजे तर आपल्या चाळीचंच बिऱ्हाड. जिन्याखाली राहणारा अनाथ माधू सगळ्या भाडेकरूंची कामं करत शिकतो. मेहमूदचा ‘लाखों में एक’ त्याच्यावरूनच केलेला.

आपल्या माणसाचा संबंध येतो तो 1975 मध्ये. बंगळुरूच्या मराठी घरातल्या शिवाजीराव गायकवाड या बस कंडक्टरला बालचंदर यांनी ‘अपूर्व रागंगळ’मध्ये संधी दिली आणि ‘मेजर चंद्रकांत’मधल्या एका पात्राचं नाव त्याला दिलं: रजनीकांत. हाणामारीत रमलेल्या त्याच रजनीकांतला त्यांनी 1981 मध्ये ‘तिल्लु मुल्लु’मध्ये पूर्ण लांबीची विनोदी भूमिका करायला लावली. हा हिंदी ‘गोलमाल’चा तमिळ अवतार. नोकरीसाठी नायक साहेबांना आवडेल तसं सोंग घेतो. खोटं सांगून मॅचला जातो, तिथे साहेबांना दिसतो, म्हणून जुळा भाऊ जन्माला घालतो. जुळ्या भावासाठी मिशी काढावी लागते. नसलेल्या आईलाही उभं करावं लागतं. चाराचे आठ, आठाचे सोळा.

पाट्टी म्हणतात, “आमच्या घरात कोण कशासाठी खोटं बोलतं, ते त्यांना ठाऊक होतं.” मला हे पूर्ण पटतं. त्यांच्या या सिनेमांतली माणसं दुष्टपणाने खोटं बोलत नाहीत. नोकरी हवी असते, शेजारणीसमोर मान खाली जायला नको असते. म्हणून आपण त्यांना हसतो, पण त्यांचा राग येत नाही. खरं सांगून टाकलं की तेच घर पुन्हा चार खांद्यांवर पेलतं.

2010 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि 23 डिसेंबर 2014 रोजी ते गेले. महाराष्ट्रात त्यांची ओळख ‘एक दूजे के लिए’च्या रडवणाऱ्या शेवटापाशी थांबते. तिथे थांबू नका. एखाद्या रविवारी घरच्या सगळ्यांना घेऊन ‘बामा विजयम’ बघा. भाषा आली नाही तरी घर ओळखीचं वाटेल.