समुद्राची विद्या आणि मुळशीचा पाऊस

मुळशीपासून समुद्र लांब. मधे सह्याद्री आडवा. मग आपल्या मुलामुलींनी समुद्राची विद्या कशाला शिकायची? असं कुणी विचारलं, तर त्याला आवणीची गोष्ट सांगावी.

जूनमध्ये भाताचं रोप वाढू लागतं. शेतकरी आभाळाकडे बघतो. पण पावसाची तयारी समुद्रावर होते. उन्हानं पाणी तापतं, त्याची वाफ होते. नैर्ऋत्येचा वारा ती वाफ घेऊन येतो, डोंगराला अडतो, वर चढून थंड होतो. मग ताम्हिणीत पाऊस कोसळतो. समुद्र उष्णतेचं मोठं कोठार आहे. पृथ्वीवरची सगळी हवा एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत समुद्राचं वरचं तीनएक मीटर पाणीच एक अंशानं तापतं!

आता पडलेलं पाणी कुठे जातं ते बघा. मुळा नदी पूर्वेला वाहते. भीमा, कृष्णा करत तिचं पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं. मुळशी धरणाचं पाणी मात्र टाटांनी डोंगर पोखरून पश्चिमेला वळवलं. (या धरणापायी गावं बुडाली, १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. ते मुळशीकराला सांगायला नको.) हे पाणी कोकणात भिरा इथे उतरतं. त्यावर तिथे १९२७ सालापासून वीज होते. मग ते कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला जातं.

हे दोन समुद्र सारखे नाहीत बरं का. अरबी समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ असतं. उपसागराच्या वरच्या पाण्यात ते कमी, कारण गंगा-ब्रह्मपुत्रा त्यात गोडं पाणी ओततात. गोडं पाणी हलकं. दुधावर साय राहावी तसं ते वर राहतं, खालच्या पाण्यात लवकर मिसळत नाही. म्हणून वरचा थर ऊबदार राहतो, आणि ढगांना नि वादळांना बळ मिळतं.

उष्णता, मीठ, लाटा, प्रवाह, भरती-ओहोटी मोजायची आणि त्यांचं गणित मांडायचं, ही समुद्राची भौतिक विद्या. माशांचा अभ्यास निराळा. इथे पोहण्यापेक्षा गणित यावं लागतं! बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घ्यावं, मग बी.एस्सी. करावी. पुढचं समुद्रविज्ञान गोवा विद्यापीठात शिकवतात. गोव्यातच दोनापावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ती १९६६ साली निघाली. पावसाचा अभ्यास करणारी मोठी संस्था तर १९६२ पासून पुण्यातच आहे. पौडहून चांदणी चौकात आलं की पाषाण जवळच.

मीठ मोजायला पाणी आटवत बसत नाहीत. खारट पाण्यातून वीज जास्त सहज वाहते, त्यावरून मिठाचा आकडा काढतात. अशी यंत्रं बसवलेली नळकांडी समुद्रात सोडलेली असतात. ती आपोआप दोन हजार मीटर खोल जातात, साधारण दर दहा दिवसांनी वर येतात, आणि उपग्रहाला आकडे कळवतात. ते आकडे पावसाच्या अंदाजाच्या गणितात घेतले जातात.